मैफलीतला वेस, तबकडीतला वेस

अमेरिकेतील जॅझ संगीताच्या रसिकांत एक वाद अर्धशतक उलटून गेले तरी निवलेला नाही. १९६८ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निधन पावलेल्या वेस माँटगोमेरी या गिटारवादकाविषयीचा हा वाद. (रसिक त्याचा उल्लेख आपुलकीने एकेरीतच करतात, आम्हीही येथे तसाच करणार आहोत.) एका पक्षाचे म्हणणे असे, की खरा वेस क्लबांतल्या रात्रीच्या मैफलींत होता, व्हायोलिनांच्या ताफ्यात बसवून कंपन्यांनी विकली ती त्याची छाया. दुसरा पक्ष म्हणतो, ज्या घरांत जॅझ कधी शिरला नसता त्या घरांत तो याच गोड तबकड्यांनी नेला, आणि त्या तबकड्यांतला सूरही त्याच माणसाचा आहे. दोन्ही बाजूंचे पुष्कळ ऐकून-वाचून आम्हांस असे वाटू लागले आहे, की रेषा चुकीच्या जागी ओढली गेली आहे. मैफल आणि तबकडी यांपेक्षा येथे महत्त्वाचा आहे तो वादनाला मिळालेला वेळ. हे म्हणणे पटवून देण्यापूर्वी हा वादक कोण आणि तो करीत काय होता, हे थोडे सांगावे लागेल.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची गिटारशी ओळख चर्चमध्येच झाली असावी. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेबरोबर हे वाद्यही गायनमंडळात आले आणि आता प्रत्येक धर्मग्रामात दोन-चार तरुण तरी मिस्साला ते वाजविणारे असतात. परंतु तेथे गिटारचे काम साथीचे. चार कॉर्ड, ठेका आणि गाणाऱ्यांना आधार. तीच गिटार स्वतः गाऊ लागते, विचार मांडते, तो विचार वाढवीत नेते, हे अनुभवायचे असेल तर वेसकडे जावे लागते.

त्याचा जन्म ६ मार्च १९२३ रोजी इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथे झाला. विशीच्या उंबरठ्यावर त्याने चार्ली ख्रिस्तियन या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि वाद्य विकत घेतले. शिक्षक नव्हता. ख्रिस्तियनचे एकल वादन तबकडीवरून ऐकून ऐकून जसेच्या तसे बसविले. गावातल्या क्लबने त्याला नोकरी दिली तीही तेवढ्याचसाठी. तेवढे वाजवून झाले की पुढे वाजविण्यासारखे त्याच्याजवळ काही नसे. नोटेशन त्याला अखेरपर्यंत वाचता आले नाही. ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. कारण पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन शिकून आलेले आपले ख्रिस्ती वादक केवळ त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांत आपली जागा करून बसले. वेसच्या वाट्याला ते पाठबळ आले नाही. त्याचे सारे शिक्षण कानाचे.

तो अंगठ्याने वाजवीत असे. जॅझ गिटारवादक सहसा पिक वापरतात. तिने सूर टोकदार व खणखणीत उमटतो. वेसने सांगितलेली हकीकत अशी, की ॲम्प्लिफायरवरचा तो आवाज शेजाऱ्यांना सोसेना, म्हणून त्याने पिक बाजूला ठेवली आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडू लागला. शेजारधर्मातून संगीताची एक शैली जन्मल्याचे असे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. सूर मऊ झाला, गोल झाला, आणि मऊ असूनही त्याचा ठोसा गेला नाही.

१९४८ ते १९५० ही दोन वर्षे त्याने लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाबरोबर देशभर प्रवास केला आणि मग घरी परतला. मागे मोठे कुटुंब होते. पन्नाशीच्या दशकातील त्याचा दिनक्रम असा: सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत कारखान्यात काम, रात्री नऊ ते दोन एका बारमध्ये वादन, आणि तेथून उठून पहाटेपर्यंत ‘मिसाइल रूम’ या दुसऱ्या क्लबात वादन. १९५९ साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने तेथेच त्याला ऐकले आणि न्यूयॉर्कला ‘रिव्हरसाइड’ कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजना कळविले. जानेवारी १९६० मध्ये ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ ही तबकडी मुद्रित झाली आणि छत्तीस वर्षांचा हा कामगार जॅझ जगतात एकदम वरच्या पंक्तीत जाऊन बसला.

आता त्याच्या वादनाची घडण. जाणकार तिचे तीन टप्पे सांगतात आणि ते कोणालाही ऐकू येण्यासारखे आहेत. प्रथम तो एकेरी सुरांत वाजवितो. मग ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे तोच सूर एकाच वेळी खालच्या आणि वरच्या सप्तकांत. शेवटी चार-चार सुरांचे कॉर्ड, आणि तेही साथीचे नव्हेत. चालच कॉर्डांच्या रूपाने पुढे सरकते. गायनमंडळाच्या भाषेत सांगायचे तर आधी एक गायक कडवे म्हणतो. मग तीच चाल पुरुष खालून आणि स्त्रिया वरून मिळून म्हणतात. आणि मग सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असा चारही आवाजांचा समूह उभा राहतो. फरक इतकाच, की हे सगळे एक माणूस सहा तारांवर, चाल त्याच क्षणी रचीत असताना करतो. ऑक्टेव्ह घेताना दोन तारांच्या मध्ये एक तार राहते. ती बोटाच्या स्पर्शाने मुकी ठेवावी लागते. द्रुत लयीत हे करणे किती अवघड, हे ज्यांनी गिटार हाती धरली आहे त्यांना सांगायला नको.

या तीन टप्प्यांचा अर्थ त्यांच्या क्रमात आहे. हिंदुस्थानी संगीतात ज्याला आपण बढत म्हणतो तिच्याशी याचे नाते जवळचे आहे. आलापाने जागा तयार झाल्यावाचून तानेला वजन येत नाही, तसे एकेरी सुरांनी कल्पना रुजविल्यावाचून ऑक्टेव्हला आणि ऑक्टेव्हने ताण वाढविल्यावाचून कॉर्डांना अर्थ येत नाही. आणि बढतीला वेळ लागतो. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत राग मावतो का, हा आपल्याकडील संगीतप्रेमींचा जुना प्रश्न वेसच्या बाबतीत जशाचा तसा उभा राहतो.

‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’ ही १९६५ ची तबकडी म्हणजे मैफलवाल्या पक्षाचा धर्मग्रंथच. गिटारवादक पॅट मेथेनीने तिला जॅझ गिटारची सर्वश्रेष्ठ तबकडी म्हटले आहे. ‘हाफ नोट’ हा न्यूयॉर्कमधला क्लब कँतेरीनो या इटालियन वंशाच्या कुटुंबाचा. बाप स्वयंपाकघरात, मुले बारवर, असा घरगुती कारभार. तेथे वेसला साथ होती पियानोवादक विंटन केली, बासवादक पॉल चेंबर्स आणि ड्रमवादक जिमी कॉब यांची. माइल्स डेव्हिसच्या संचात वर्षानुवर्षे एकत्र वाजविलेले हे त्रिकूट.

त्या तबकडीतील ‘नो ब्लूज’ ही रचना तेरा मिनिटांच्या जवळपास जाते. वेस अगदी साध्या, बोलल्यासारख्या वाक्यांनी आरंभ करतो. घाई नाही. एक वाक्य टाकतो, थांबतो, त्यालाच किंचित वळवून पुन्हा टाकतो. मध्येच केलीचा पियानो थांबतो. साथ सुटली म्हणून नव्हे. गिटारला मैदान मोकळे करून देण्यासाठी. खाली बास आणि ड्रम चालत राहतात, वर एकटी गिटार. ऑक्टेव्ह येतात तेव्हा ते अलंकार म्हणून आलेले नसतात; एकेरी सुरांना जे सांगणे झेपेनासे झाले ते सांगायला आलेले असतात. आणि कॉर्डांचा भाग सुरू होईतो ऐकणारा पुढे सरसावून बसलेला असतो. बारा मात्रापंक्तींचा ब्लूजचा साचा फिरून फिरून येतो, पण त्याची पुनरावृत्ती जाणवत नाही. चढण जाणवते.

परंतु मैफलवाल्यांच्या या धर्मग्रंथातच त्यांच्या सिद्धान्ताचे खंडन आहे. मूळ तबकडीवरील पाच रचनांपैकी ‘नो ब्लूज’ आणि ‘इफ यू कुड सी मी नाऊ’ या दोनच काय त्या क्लबात मुद्रित झालेल्या आहेत. उरलेल्या तीन त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाल्या. तेथे ना टाळ्या, ना पेल्यांची किणकिण. तरी त्यांतल्या ‘युनिट सेव्हन’ किंवा ‘फोर ऑन सिक्स’ या रचना ऐकताना चढण कमी पडते असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. स्टुडिओच्या भिंतींनी वेसचे काही बिघडविले नाही. साथीदार तेच होते आणि वेळ मोकळा होता. १९६० ची पहिली गाजलेली तबकडीही स्टुडिओतच झालेली होती.

मग पुढे काय झाले? ‘रिव्हरसाइड’चे १९६४ साली दिवाळे निघाले. वेस ‘व्हर्व्ह’ कंपनीत निर्माते क्रीड टेलर यांच्याकडे गेला. टेलर यांनी त्याला लोकप्रिय गाण्यांच्या चाली दिल्या आणि मागे मोठा वाद्यवृंद उभा केला. १९६५ च्या डिसेंबरात, म्हणजे ‘हाफ नोट’च्या रात्री अजून ताज्या असताना, ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ मुद्रित झाली. शीर्षकगीत अडीच मिनिटांच्याही आत संपते. तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९६७ ची ‘अ डे इन द लाइफ’ तर त्या काळातील सर्वाधिक खपाच्या जॅझ तबकड्यांत गेली. बीटल्सच्या गाण्याची चाल, मागे तंतुवाद्यांचा मखमली पडदा.

या तबकड्या वाईट आहेत काय? आमचे उत्तर: वाईट नाहीत, तोकड्या आहेत. अडीच-तीन मिनिटांत तीन टप्पे मावत नाहीत, म्हणून निर्मात्याने मधला टप्पा उचलला. ऑक्टेव्ह कानाला तत्काळ गोड लागतो आणि रेडिओवर दोन सुरांत ओळखू येतो. वेसचा ऑक्टेव्ह त्याची सही बनला आणि पत्राचा मजकूर मागे राहिला. क्लबात जो जिना होता त्याची एकच पायरी सुंदर रंगवून दिवाणखान्यात ठेवावी, तसे हे झाले. क्वचित त्या एका पायरीचेही चीज झाले आहे. १९६६ च्या ‘टकीला’ तबकडीवरील ‘बंपिन ऑन सनसेट’ ऐकावे. तेथे रचनाच संथ, संध्याकाळच्या उजेडासारखी आहे आणि ऑक्टेव्हवाचून दुसरे काही तिला शोभले नसते. पण असे अपवाद थोडे.

व्हायोलिनांना दोष देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की कीपन्यूज यांच्याच काळात, १९६३ साली, वेसने तंतुवाद्यांसह ‘फ्यूजन’ ही तबकडी केली होती. तंतुवाद्ये हा टेलर यांचा शोध नव्हता.

येथे दुसऱ्या पक्षाचा एक युक्तिवाद तपासला पाहिजे, कारण आमच्या वाचकांना तो लगेच भावेल. घरात लेकरे, पूर्वी दिवसरात्र राबलेला बाप. त्याने विकले जाणारे संगीत वाजविले तर बिघडले कुठे? आम्हांस या सहानुभूतीतही एक सूक्ष्म अपमान दिसतो. ‘बिचाऱ्याला पैशांची गरज होती’ असे म्हणताना आपण त्याचे संगीत हलके ठरवून त्याला क्षमा करीत असतो. त्याला तशी क्षमा नको होती. त्याने स्वतः या नव्या वादनाविषयी स्पष्ट सांगितले होते, की हे लोकप्रिय संगीत आहे आणि तसेच ते पाहिले जावे. बापाने कष्टाने मिळविलेली भाकरी पवित्रच आहे. संत योसेफाचा सण साजरा करणाऱ्या समाजाला ते वेगळे सांगावे लागत नाही. पण सुताराने केलेले टेबल डगमगते की नाही, हे त्याच्या घरच्या अडचणींवरून ठरत नाही. समीक्षेने टेबलच पाहावे.

आणि त्याच्या हातातली कला शाबूत होती याचा पुरावा आहे. एप्रिल १९६६ मध्ये, म्हणजे लोकप्रिय तबकड्यांचा काळ सुरू झाल्यावर, सिएटल येथील ‘पेंटहाउस’ क्लबात तो विंटन केलीच्या संचाबरोबर वाजवीत होता. तेथील नभोवाणीवरून ते कार्यक्रम प्रक्षेपित झाले आणि २०१७ साली तबकडीरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांत वेस पूर्वीइतकाच धीट आहे. एकच माणूस दिवसा अडीच मिनिटांचे आणि रात्री दहा मिनिटांचे वाजवू शकत होता. त्याला ही सवय इंडियानापोलिसपासूनचीच म्हणायची.

सर्वांत खेदाची गोष्ट त्याच्या मृत्यूनंतरची. १५ जून १९६८ रोजी हृदयविकाराने तो गेला. ‘हाफ नोट’च्या मैफलींतील उरलेले मुद्रण कंपनीजवळ होते. १९६९ साली ते ‘विलो वीप फॉर मी’ या नावाने प्रसिद्ध झाले. मात्र त्यातील काही रचनांवर क्लाउस ओगरमान यांनी रचलेला वाद्यवृंद मागाहून चढविलेला होता. चार माणसांनी क्लबात एकमेकांकडे पाहत वाजविलेले संगीत, आणि त्यावर त्यांना कधीच न भेटलेली वाद्ये! या तबकडीलाही ग्रॅमी मिळाला. जिवंतपणी वेसने मान्य केलेल्या वाद्यवृंदाबद्दल मतभेद असू शकतात. हा मात्र त्याला विचारून झालेला नव्हता, आणि आम्हांस तो तसबिरीवर चढविलेल्या प्लास्टिकच्या हारासारखा वाटतो. पुढे तेच वादन वाद्यवृंदावाचून प्रसिद्ध झाले, तेव्हा खाली काय दडले होते ते कळले.

गेल्या दशकभरात मैफलवाल्या पक्षाला मेजवानी मिळाली आहे. ‘रेझोनन्स’ या संस्थेने २०१२ पासून एकामागून एक जुन्या फिती शोधून काढल्या: इंडियानापोलिसच्या सुरुवातीच्या दिवसांतील, मार्च १९६५ मधील पॅरिसच्या मैफलीची, सिएटलची, आणि २०२३ साली ‘हाफ नोट’मधून नभोवाणीवर गेलेल्या १९६५ च्याच आणखी रात्रींची. हे काम निष्ठेने झालेले आहे. तथापि भक्तमंडळींनी आता प्रत्येक फितीला संतांच्या अवशेषांचा मान देण्यास सुरुवात केली आहे, तेथे आम्ही थोडे थबकतो. अवशेषही पारखून घ्यावे लागतात, हे आपल्या धर्मसभेने फार पूर्वी ओळखले. काही फितींत पियानो दबलेला आहे. सिएटलच्या प्रक्षेपणाची वेळ संपते तेव्हा चांगले चाललेले वादन विरत विरत नाहीसे होते. आणि प्रत्येक रात्र सारखी रंगतेच असे नाही. १९५९ च्या जानेवारीतील इंडियानापोलिसच्या एका फितीवर बास कोण वाजवीत आहे हे कोणालाच सांगता आलेले नाही; तबकडीवर त्याच्या नावाची जागा तशीच राहिली. या अनामिकाने वेसला दिलेली साथ मात्र नेटकी आहे.

आणि काही रात्री कायमच्या गेल्या. १९६१ साली काही काळ वेस जॉन कोल्ट्रेनच्या संचाबरोबर वाजवीत होता, माँटेरीच्या महोत्सवातही. त्या वादनाची एकही फीत प्रसिद्ध झालेली नाही. भाविक रसिक तिच्याविषयी हरवलेल्या शुभवर्तमानाविषयी बोलावे तसे बोलतात.

ज्यांना हा वादक नव्याने ऐकायचा आहे त्यांनी आमच्या मते ‘नो ब्लूज’पासून आरंभ करावा, मग १९६० ची तबकडी, आणि त्यानंतरच ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’. म्हणजे त्या शेवटच्या तबकडीत काय आहे आणि काय गाळले गेले, दोन्ही ऐकू येईल. गायनमंडळातील तरुणांना आणखी एक सुचवावेसे वाटते. १९६५ च्या युरोप दौऱ्यात डच दूरचित्रवाणीने वेसच्या तालमीचे चित्रण केले, ते आजही पाहता येते. पियानोवर पिम याकोब्स, बासवर त्यांचे बंधू रूड, ड्रमवर कोवळा हान बेनिंक. समोर श्रोते नाहीत. नोटेशन न येणारा वेस, नोटेशन येणाऱ्या पियानोवादकाला चालीतला एकेक कॉर्ड तोंडाने सांगतो, गिटारवर दाखवितो, पुन्हा सांगतो. पियानोवादक मान डोलावून तो वाजवून पाहतो. वेस हसतो, आणि चौघे मिळून सुरुवात करतात.